तापाची कसर

ताप उतरला म्हणजे दुखणे सरले, असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. पारा खाली आला, तोंडाला थोडी चव आली, की मुलांची शाळा सुरू होते आणि मोठी माणसे अंधेरीहून नाहीतर मुलुंडहून नेहमीची गाडी धरतात. घरातली आजी म्हणते, "चार दिवस पडून राहा, अंगात अजून कसर आहे." आजीचे कोण ऐकतो! पण 'कसर' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, आणि आजच्या विषयाचे सारे मर्म त्यात आहे असे आम्हांस वाटते. विषाणूंच्या साध्या तापानंतर, कधी आठवड्याने तर कधी महिन्याने, काही थोड्या माणसांच्या हृदयाच्या स्नायूस सूज येते. धाप लागते, छातीत दुखते, नाडी वेडीवाकडी पडू लागते. बहुतेक जण बरे होतात. काहींचे हृदय कायमचे सैल आणि मोठे होऊन बसते, आणि क्वचित एखादा धडधाकट तरुण खेळता खेळता मैदानावरच कोसळतो. डॉक्टर या विकारास मायोकार्डायटिस म्हणतात. आपण त्यास हृदयस्नायूचा दाह म्हणू. हा दाह विषाणू करतो, की विषाणूशी झुंजणारे आपलेच शरीर करते, या एका प्रश्नाचा इतिहास आम्हांला येथे सांगावयाचा आहे. त्यातील काही पाने आपल्या मुंबईत लिहिली गेली आहेत.

प्रारंभ १९१८ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी जूनच्या १० तारखेला मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. इन्फ्लुएंझाची ती साथ महिन्याभरात ओसरली असे वाटते न वाटते तोच सप्टेंबरात दुप्पट जोराने उलटली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ माणसे दगावली. त्या वेळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही ठाणे जिल्ह्याच्या साष्टी बेटावरची गावे होती. उपनगरांचा निराळा जिल्हा झाला तो १९२० साली. देशभर एक कोटीहून अधिक लोक या साथीत गेले. मृत्यू प्रामुख्याने फुप्फुसांच्या दाहाने झाले, हे खरे. परंतु त्या साथीत एक विलक्षण गोष्ट सर्वांच्या नजरेत भरली. म्हातारीकोतारी आणि तान्ही मुले जावीत हा रोगांचा सर्वसाधारण रिवाज. येथे वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे पटापट गेली. ज्यांच्या अंगी प्रतिकाराचे बळ सर्वांत अधिक, तेच का पडावेत? पुढे काही अभ्यासकांनी असे सुचविले की त्या बळाचाच अतिरेक झाला असावा. वाद मिटलेला नाही. पण बळच बाधते की काय, ही शंका तेव्हापासून वैद्यकाच्या मनात घर करून राहिली. इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र तेव्हा कोणी ओळखलेला नव्हता. जर्मनीतील फायफर याने पाहिलेला एक जंतू अपराधी मानला जाई. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा खरा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये हाती लागला.

प्रतिकाराच्या शास्त्राशी मुंबईचा संबंध याहून जुना आहे. १८९६ च्या प्लेगात येथे आलेल्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, ही हकीकत परळच्या संस्थेमुळे पुष्कळांना ठाऊक असते. हाफकिन हे ओडेसा येथे मेच्निकॉफ यांचे विद्यार्थी होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मेच्निकॉफ यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे ताराम्याच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरातल्या पेशी परक्या वस्तूवर चालून जातात, हे त्यांनी प्रथम दाखविले. सूज म्हणजे केवळ पीडा, हा समज तेथे पालटला. सूज ही लढाईची खूण ठरली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. या एर्लिखनी एक सिद्धांत सांगितला होता. शरीराला स्वतःवर शस्त्र धरण्याची जन्मजात धास्ती असते, असा त्याचा आशय. सावध शास्त्रज्ञाचे ते विधान पुढच्यांनी वेदवाक्य केले, आणि शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही असे जवळजवळ पन्नास वर्षे शिकविले गेले. मोठ्या माणसांच्या वाक्यांचे असे पुष्कळदा होते.

संधिवाती ज्वराने या शिकवणीस तडा जावयास हवा होता. घसा दुखून बरा होतो, जंतू निघून जातात, आणि दोनतीन आठवड्यांनी मुलाचे सांधे सुजतात व हृदयाच्या झडपा बिघडतात, हे मुंबईच्या चाळींतून रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना नित्य दिसत होते. पण तो जंतूंचा आजार. विषाणू आणि हृदय यांची गाठ पडली ती एका अगदी निराळ्या ठिकाणी. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील पोलिओसदृश आजाराच्या मुलांच्या मळातून गिल्बर्ट डॉल्डॉर्फ व ग्रेस सिकल्स यांनी १९४८ मध्ये एक नवा विषाणू वेगळा काढला. मोठ्या उंदरांना त्याने काही होत नसे. यांनी नुकतीच जन्मलेली पिले वापरली, म्हणून तो सापडला. पुढे त्या घराण्यातील 'ब' गटाने आपला स्वभाव दाखविला. दक्षिण ऱ्होडेशियातील एका प्रसूतिगृहात आणि जोहान्सबर्गच्या दुसऱ्या एका प्रसूतिगृहात नवजात अर्भकांच्या हृदयांस दाह झाल्याच्या हकीकती १९५५ आणि १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. अर्भकांत कॉक्सॅकी सापडला. आता शंकेला जागा उरली नाही: विषाणू हृदयाला धरतो.

याच घराण्याच्या एका भावंडाने मुंबईला १९७१ साली ग्रासले होते. त्या वर्षी शहरात डोळे येण्याची प्रचंड साथ आली. डोळे आठवड्यात निवळले. पण काही थोड्या रुग्णांना त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत पोलिओसारखा लुळेपणा आला. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशिर वाडिया यांनी हा संबंध ओळखून १९७३ मध्ये जगापुढे मांडला. रोग डोळ्यांत आणि घाव मज्जारज्जूवर, तोही उशिराने! हृदयाची ती गोष्ट नव्हे. परंतु या विषाणूंच्या बाबतीत पहिले दुखणे आणि खरी इजा यांच्यामध्ये काळाचे अंतर कसे पडते, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता मुख्य वळण. बोरिवली आणि मुलुंड ज्या वर्षी बृहन्मुंबईत सामील झाली, त्याच १९५७ साली लंडनच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि त्यांच्याकडे आलेला स्विस तरुण ज्याँ लिंडेनमान यांनी एक साधा प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यात गर्भाभोवती जो पापुद्रा असतो त्याचे तुकडे घेऊन ते उष्णतेने निष्प्रभ केलेल्या इन्फ्लुएंझाच्या विषाणूबरोबर ठेवले. काही तासांनी तुकडे काढून टाकले, आणि उरलेल्या द्रवात ताजे तुकडे घातले. त्या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला, तो वाढेना! पहिल्या तुकड्यांनी द्रवात काहीतरी सोडले होते, आणि विषाणू कधी न पाहिलेल्या दुसऱ्या तुकड्यांना ते सावध करून गेले होते. या 'काहीतरी'ला त्यांनी इंटरफेरॉन असे नाव दिले. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांत त्याची थट्टा होत असे, कारण ते हाती शुद्ध असे लागतच नव्हते. आयझॅक्स १९६७ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. आपल्या शोधाचे चीज झालेले त्यांना पाहावयास मिळाले नाही.

या प्रयोगाचे महत्त्व औषधापेक्षा कल्पनेत अधिक आहे. तोवर प्रतिकार म्हणजे शिपाई आणि शस्त्रे अशी कल्पना होती. आता कळले की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप पुढे डझनांनी सापडले. एक शेजाऱ्यांना दारे लावून घ्यावयास सांगतो, दुसरा रक्तातील पांढऱ्या पेशींना 'इकडे या' म्हणतो, तिसरा मेंदूपर्यंत जाऊन अंगात ताप चढवितो. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणून ओळखतो तो ताप हाच मुळी असल्या निरोपांचा परिणाम. चाळीत एका खोलीस आग लागावी, बंब यावा, आणि आगीने जळाले त्याहून अधिक सामान पाण्याने खराब व्हावे, हे आपण पाहिलेले असते. बंबाला बोलावणे चूक नव्हते. पाणी किती मारावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, येथे सारे अडते. यकृताची किंवा कातडीची पडझड शरीर भरून काढते. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र जवळजवळ नव्याने निर्माण होत नाहीत. एक मेली की तिच्या जागी निबर वण येतो. म्हणून हेच पाणी हृदयात शिरले की नुकसान कायमचे.

हे उंदरांत सिद्ध व्हावयास १९७४ साल उजाडले. वुडरफ व वुडरफ या संशोधकांनी ज्या उंदरांतील टी पेशी नाहीशा केल्या होत्या अशांना कॉक्सॅकी ब-३ टोचला. प्रतिकार पंगू झालेले हे उंदीर अधिक मरावयास हवे होते. त्यांच्यात हृदयाचा दाह आणि मृत्यू दोन्ही कमी निघाले. नोएल रोझ यांनी १९५६ मध्येच सशांना त्यांच्याच अवटुग्रंथीविरुद्ध उठविता येते हे दाखवून एर्लिखच्या नावावर चाललेला समज मोडला होता. त्यांच्याच गटाने पुढे १९८७ मध्ये विषाणूवाचून, निव्वळ हृदयस्नायूतील मायोसिन हे प्रथिन टोचून, विशिष्ट जातीच्या उंदरांत असाच दाह निर्माण केला. सर्वच जातींत नव्हे. हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच घरात एकाच तापाने चौघे आजारी पडतात आणि एकाचेच हृदय सुजते, त्याचे एक कारण येथे आहे.

माणसाच्या जिवंत हृदयात काय चालले आहे हे पाहण्याची सोय मात्र आडमार्गाने झाली. शिरेतून बारीक चिमटा नेऊन हृदयाचा कणभर तुकडा काढण्याची युक्ती जपानी डॉक्टरांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिला खरी निकड आली ती हृदयारोपणामुळे. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिनेही लोटले नव्हते तोच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आरोपण केले. रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही. जगभर तेव्हा हेच चालले होते; शिवण उत्तम होई, आणि शरीर परके हृदय ओळखून त्यावर तुटून पडे. हे तुटून पडणे वेळीच ओळखावे म्हणून स्टॅनफर्डच्या केव्ह्ज यांनी १९७३ मध्ये तो चिमटा सुधारला. आरोपित हृदयाच्या तुकड्यात पांढऱ्या पेशींची जी गर्दी दिसे, तीच गर्दी विषाणूच्या तापानंतर बिघडलेल्या, जन्मापासून आपल्याच असलेल्या हृदयांतही दिसू लागली. शरीर स्वतःचे हृदय परक्यासारखे नाकारीत होते!

मग उपायही तोच, असे डॉक्टरांस वाटले तर नवल नाही. प्रतिकार दाबणारी औषधे आरोपणात उपयोगी पडतात, ती येथेही द्यावीत. अमेरिकेत मोठी चाचणी झाली. तुकड्याच्या तपासणीने दाह निश्चित झालेले १११ रुग्ण तीत घेतले गेले. १९९५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सारखेच. एका वर्षात सुमारे पाचांतील एक रुग्ण दगावला. इतक्या नीटस तर्काचा इतका सपशेल पराभव वैद्यकाच्या इतिहासात थोडाच आढळेल.

पराभवाची कारणे पुढच्या दहापंधरा वर्षांत उलगडली, आणि ती मोठी बोधप्रद आहेत. विषाणू हा केवळ निमित्तमात्र नव्हता. तो ज्या कडीला धरून पेशीत शिरतो ती कडी १९९७ मध्ये सापडली. आत गेल्यावर त्याचे एक विकर स्नायुपेशीच्या सांगाड्यातील डिस्ट्रोफिन हे प्रथिन कात्रीने कापावे तसे कापते, हे १९९९ मध्ये दिसले. पहारेकरीही सापडले. झ्युल्स हॉफमान यांनी १९९६ मध्ये माशीत 'टोल' नावाच्या जनुकाचे पहाऱ्याचे काम दाखविले. त्या वाटेने जाऊन माणसातील पहारेकरी कळले, आणि २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमान यांचा वाटा होता. कॉक्सॅकीच्या घराण्याची चाहूल घेणारा एमडीए-५ हा पहारेकरी २००६ मध्ये ओळखला गेला. आणि इंटरफेरॉनचा निरोप ज्यांना ऐकूच येत नाही असे उंदीर कॉक्सॅकीने झपाट्याने मरतात, हे २००१ मध्येच दिसून आले होते. तेव्हा पहिल्या दिवसांत निरोप पोहोचलेच पाहिजेत. तेच दाबले तर विषाणू मोकाट सुटतो. नंतरच्या आठवड्यांत मात्र विषाणू हटला तरी निरोप थांबत नाहीत, आणि तेव्हा ते दाबण्याची गरज पडते. १९९५ च्या चाचणीत या दोन्ही अवस्थांचे रुग्ण एकाच मापाने मोजले गेले होते. औषध देण्यापूर्वी विषाणू उरला आहे की नाही हे पाहणे आता महत्त्वाचे मानतात.

निरोप थांबविणारा लगामही असतो, याचा पुरावा जपानात मिळाला. होंजो यांच्या प्रयोगशाळेत टी पेशींचा पीडी-१ हा लगाम काढलेल्या उंदरांच्या एका जातीत हृदये सैल पडून निकामी झाली, असे २००१ मध्ये आढळले. कर्करोगावर हाच लगाम सोडणारी औषधे आली तेव्हा थोड्या रुग्णांत हृदयाचा जबर दाह दिसला. २०१६ च्या त्या हकीकतींत विषाणूचा काही संबंध नव्हता. लगाम सुटला, एवढे पुरे झाले.

ज्यांचे हृदय या वाटेने पुरते निकामी होते त्यांना शेवटी दुसऱ्याचे हृदय हाच आधार उरतो. सेन यांच्या प्रयत्नानंतर मुंबईत सत्तेचाळीस वर्षे यश आले नव्हते. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यात दान झालेले हृदय विमानाने मुंबईस आणले गेले, विमानतळापासून रस्ते मोकळे ठेवले गेले, आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एका तरुण रुग्णास बसविले. मुलुंडकरांनी त्या दिवशीची गाड्यांची धावपळ पाहिली असेल. आरोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाला पुढे जन्मभर प्रतिकाराचे निरोप दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यामुळे साधे विषाणूही जपून झेलावे लागतात.

२०२० ची साथ आपण सर्वांनी भोगली. मरोळचे सेव्हन हिल्स, गोरेगाव, दहिसर व मुलुंड येथील मांडवांतली रुग्णालये अजून डोळ्यांपुढे आहेत. कोविडने मुलांना फारसे शिवले नाही, असे त्या वर्षी जो तो म्हणे. एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनमधून इशारा आला, आणि लवकरच मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनाही तोच प्रकार दिसू लागला. कोविड होऊन दोन ते सहा आठवडे उलटलेली, कित्येकदा तो होऊन गेल्याचे घरच्यांस माहीतही नसलेली मुले तीव्र ताप, पुरळ, लाल डोळे आणि पोटदुखी घेऊन येत. पुष्कळांचा रक्तदाब कोसळलेला, हृदयाचे आकुंचन मंदावलेले. शहरातील चार मोठ्या रुग्णालयांतील अशा २३ मुलांची हकीकत त्याच वर्षी 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात आली. या मुलांवर जे उपचार झाले त्यांचा रोख विषाणूवर नव्हता. विषाणू मागेच ओसरला होता. स्टेरॉइड आणि दात्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड देऊन निरोपांचा गलका शांत करावयाचा, हाच उपाय, आणि त्याने बहुतेक मुले बरी झाली. वेळ नेमकी साधली की तेच औषध कसे लागू पडते, हे येथे दिसले. (पुढे २०२१ मध्ये आरएनए पद्धतीच्या लशींनंतर थोड्या तरुणांत सौम्य दाह आढळला त्याचा बोभाटा फार झाला. आपल्याकडे प्रामुख्याने वापरलेल्या दोन्ही लशी त्या पद्धतीच्या नव्हत्या, आणि खुद्द कोविडमुळे असा दाह होण्याचा धोका अधिक असतो.)

आजीच्या चार दिवसांचा हिशेब राहिला. १९७० मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात कॉक्सॅकी टोचलेल्या उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाला स्वस्थ पडू दिले, दुसऱ्याला पाण्यात पोहावयास लावले. पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पटींनी वाढला, दाह वाढला, आणि ते अधिक संख्येने मेले. हृदयस्नायूचा दाह झालेल्या खेळाडूस डॉक्टर सामान्यतः तीन ते सहा महिने मैदान बंद करतात, ते याच जातीच्या पुराव्यावरून. नुसत्या तापाला इतकी बंदी लागत नाही. पण ताप गेल्यावर जिना चढताना नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, छातीत दुखले, ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा घेरी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाचा विद्युत्‌आलेख काढावा आणि ट्रोपोनिन हे स्नायू फाटल्याचे प्रथिन रक्तात आहे का ते पाहावे. दोन्ही तपासण्या आज उपनगरांतून सहज होतात.